ठेंगणं कार्ड आणि पातळ कार्ड: जुन्या पेटीत नवं ग्राफिक्स बसवताना होणारी गल्लत

बाबांच्या टायपिंगच्या दुकानातल्या कॉम्प्युटरची ती आडवी पेटी मी आजवर भंगारात जाऊ दिली नाही. १९९७ साली घेतलेली, जेमतेम दहा सेंटीमीटर उंचीची, वर जाडजूड मॉनिटर ठेवायची. आर्वी तालुक्यातल्या आमच्या आणि आजूबाजूच्या गावांतल्या कितीतरी लग्नपत्रिका त्या पेंटियमवर पेजमेकर या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवल्या गेल्या. आता पुतण्याला ब्लेंडर हे थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर शिकायचं होतं, व्हिडिओ एडिटिंग करायचं होतं. आत सगळं नवं घालायचं, पण पेटी आजोबांचीच ठेवायची, हा त्याचाच हट्ट. मला तो फार आवडला.

मदरबोर्ड मिनी-आयटीएक्स या लहान मापाचा घेतला, १७० बाय १७० मिलिमीटरचा. तो सहज बसला. अडलं ते ग्राफिक्स कार्डावर, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र तयार करणाऱ्या कार्डावर. लहान पेटी म्हणजे लहान कार्ड, एवढाच विचार करून मी ऑनलाइन ‘लो प्रोफाइल’ लिहिलेलं जीटीएक्स १६५० मागवलं. पार्सल आलं, दोघं उत्साहानं बसलो, आणि कार्ड काही केल्या आत जाईना.

“काका, लहानच तं घेतलं होतं, मंग काहून बसून नाही राह्यलं?”

“लहान आहे बापा, पण जिकडून पाह्यजे तिकडून नाही.”

विकणाऱ्याची चूक नव्हती. खोक्यावर लिहिलेलं अक्षरन् अक्षर खरं होतं. ‘लो प्रोफाइल’ आणि ‘सिंगल स्लॉट’ या दोन शब्दांत मीच घोळ केला होता. आणि हा घोळ मी नंतर इतक्या जणांना घालताना पाहिला की तो नीट उलगडून सांगावासा वाटला.

लो प्रोफाइल म्हणजे ठेंगणं. हे माप कार्डाच्या उंचीचं. मदरबोर्डच्या खाचेत कार्ड उभं खोचलं की ते बोर्डापासून वर किती जातं, ती उंची. नेहमीच्या पूर्ण उंचीच्या कार्डाला मानकानुसार सुमारे १११ मिलिमीटर मिळतात आणि त्याची मागची लोखंडी पट्टी साधारण १२ सेंटीमीटरची असते. ठेंगण्या कार्डाची उंची सुमारे ६९ मिलिमीटर आणि पट्टी ८ सेंटीमीटरच्या आतबाहेर.

सिंगल स्लॉट म्हणजे पातळ. हे माप जाडीचं. पेटीच्या मागच्या बाजूला कार्डांसाठी ज्या खिडक्या असतात, त्यांतली एकच खिडकी अडवणारं कार्ड. दोन खिडक्यांमधलं अंतर २०.३२ मिलिमीटर, म्हणजे ०.८ इंच. हे माप बरंच जुनं आहे. आयबीएमच्या १९८१ च्या पहिल्या पीसीत खाचा एकेक इंचावर होत्या, त्याही पाचच. १९८३ च्या त्यांच्याच एक्सटी या पुढच्या पीसीत आठ खाचा बसवायच्या म्हणून त्या ०.८ इंचावर आणल्या. तेव्हापासून आजपर्यंत तेच अंतर चालत आलंय. बाबांच्या पेटीत नवं कार्ड बसवण्याचा विचार तरी करता येतो तो यामुळेच: आतलं सगळं बदललं, मागच्या खिडकीचं माप बदललं नाही.

आता ही दोन मापं एकमेकांवर अवलंबून नाहीत. गावात एखादा माणूस ठेंगणा पण अंगानं भरलेला असतो, दुसरा ताडासारखा उंच पण काटकुळा. कार्डांचंही तसंच. आमचं जीटीएक्स १६५० ठेंगणं होतं, पण दोन खिडक्यांइतकं जाड. एनव्हिडियाचं आरटीएक्स ए२००० हेही ठेंगणं आणि दोन खिडक्यांचं. याउलट आरटीएक्स ए४००० पूर्ण उंचीचं, पण एकाच खिडकीत मावणारं. आणि ठेंगणी-पातळ अशी दोन्हीकडून लहान कार्डंही असतात: जीटी १०३०, टी१०००, एएमडीच्या आरएक्स ६४०० च्या काही आवृत्त्या. विक्रीच्या पानांवर मात्र या सगळ्यांना ‘स्लिम’, ‘कॉम्पॅक्ट’, ‘मिनी’ असलीच विशेषणं लावलेली असतात. त्यातून काहीच कळत नाही. ‘मिनी’ म्हणजे तर बहुतेकदा लांबीला आखूड एवढंच. तसं कार्ड उंचीला पूर्ण आणि जाडीला दोन खिडक्यांचं असू शकतं.

मग आपल्याला ठेंगणं हवं की पातळ? हे कार्डाकडे पाहून ठरत नाही. कार्ड पेटीत उभं राहणार की आडवं झोपणार, यावर ते ठरतं. खरी मेख इथेच आहे, आणि मी नेमकं हेच पाहिलं नव्हतं.

नागपूरहून कार्यालयांतले जुने स्लिम डेस्कटॉप स्वस्तात येतात, ते आता आमच्याकडे बऱ्याच घरांत दिसतात. त्यांत बोर्ड तळाशी आडवा असतो आणि कार्ड त्यावर थेट उभं राहतं. झाकण नऊ-दहा सेंटीमीटरवर. तिथे पूर्ण उंचीचं कार्ड घातलं तर झाकणच लागणार नाही. म्हणजे तिथे उंची आड येते आणि ठेंगणंच कार्ड लागतं. जाडीला मात्र अनेकदा वाव असतो, कारण शेजारची खाच रिकामी असते. पण झाकण उघडून एक गोष्ट बघावीच लागते: लांब खाचेच्या, म्हणजे ज्या खाचेत ग्राफिक्स कार्ड जातं तिच्या, शेजारी नेमकं काय आहे. शेजारी पॉवर सप्लायची भिंत असेल तर तिथे ठेंगणं आणि पातळ असं दोन्ही लागेल.

बाबांच्या पेटीची तऱ्हा निराळी. त्या काळातल्या कितीतरी आडव्या पेट्या एलपीएक्स पद्धतीच्या होत्या. बोर्डाच्या मधोमध एक उभी पट्टी, रायझर, आणि तिच्या कुशीत कार्डं आडवी खोचायची. म्हणून मागच्या खिडक्याही आडव्या, एकावर एक. कार्ड आडवं झालं की त्याची ‘उंची’ पेटीच्या रुंदीत जाते. रुंदीला तिथे काही कमी नाही. आमच्या पेटीत रायझरपासून पॉवर सप्लायपर्यंत १३० मिलिमीटर मोकळे आहेत. १११ मिलिमीटरचं पूर्ण उंचीचं कार्ड आरामात झोपतं. पण कार्डाची जाडी आता पेटीच्या उंचीत मोजली जाते, आणि ओढाताण आहे ती तिथेच. आमच्या मांडणीत कार्डाचा पंखा खालच्या बाजूला येतो. खालच्या खिडकीच्या पातळीपासून तळाच्या पत्र्यापर्यंत मला ३० मिलिमीटर मिळाले. दोन खिडक्यांच्या कार्डाचा कूलरच, म्हणजे कार्ड थंड ठेवणारा पंखा आणि धातूच्या पातळ पत्र्या, त्याहून जाड. तो पत्र्याला टेकला आणि कार्ड खाचेत शिरायच्या आधीच थांबलं.

म्हणजे जी बाजू मी पैसे मोजून लहान करून घेतली, त्या बाजूला जागा आधीच होती. जिथे जागा नव्हती, तिथे मी जाड कार्ड आणलं.

पंखा वर येतो की खाली, हे रायझर प्रोसेसरकडे वळतो की उलट दिशेला, यावर असतं. दोन्ही तऱ्हेचे रायझर मिळतात. प्रोसेसरच्या डोक्यावरून कार्ड नेलं तर पंखा झाकणाकडे येतो, पण मग प्रोसेसरचा कूलर अगदी बसका लागतो. मी उलट बाजू घेतली, तळाला कार्डाखाली जाळीसारखी भोकं पाडली आणि पेटीला दोन सेंटीमीटरचे रबरी पाय लावले. रायझर स्वस्तातली रिबन केबल असेल तर चौथ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसवर, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्डमधल्या माहितीच्या वाटेवर, स्क्रीन लुकलुकते किंवा मशीन मधेच अडकतं. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन तिसरी पिढी ठरवून दिली की बहुधा निभावतं.

याच कारणानं आरएक्स ६४०० आमच्या कामातून बाद झालं. ५३ वॉटचं कार्ड, वेगळी वीज नको, पातळ आणि ठेंगणंही मिळतं. कागदावर ते अगदी जमत होतं. पण त्याला माहिती ये-जा करायच्या चारच मार्गिका (लेन) आहेत. तिसऱ्या पिढीवर आणलं की त्याची वाट निम्मी होते आणि ते जाणवतं. शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोड करायची, म्हणजे तयार व्हिडिओ दाबून फाइलमध्ये साठवायची, सोय हार्डवेअरमध्येच नाही. एडिटिंग शिकणाऱ्या पोराला ते देण्यात अर्थ नव्हता.

आरटीएक्स ए४००० चा विचार मी मनापासून केला. पूर्ण उंची चालणार होती, जाडी एका खिडकीची, वीजजोडही कार्डाच्या शेपटीला आहे, वरच्या कडेला नाही. हा मुद्दा छोटा वाटतो, पण वरच्या कडेला जोड असेल तर केबल वळवायलाच तीनेक सेंटीमीटर जातात आणि माझे १३० मिलिमीटर तिथेच संपतात. पण त्या कार्डाची लांबी २४१ मिलिमीटर, आणि आमच्या पेटीत मागच्या पत्र्यापासून ड्राइव्हच्या चौकटीपर्यंत २१५ मिलिमीटर. बाबांच्या फ्लॉपी ड्राइव्हची जागा कापून काढणं माझ्या हातून होणार नव्हतं. किंमतही आमच्या आवाक्यापलीकडची.

शेवटी टी१००० घेतलं, आठ जीबीचं. ५० वॉट, सगळी वीज खाचेतूनच. खाच स्वतः ७५ वॉटपर्यंत देऊ शकते. कार्ड ठेंगणंही आहे, पण आमच्या कामाला आला तो त्याचा पातळपणा. कूलर आणि तळाच्या पत्र्यामध्ये जवळजवळ दीड सेंटीमीटर हवा राहते. ते घेताना एक खबरदारी घेतली. अशी कार्डं कार्यालयांतल्या मशीनमधून काढून विकली जातात तेव्हा बऱ्याचदा फक्त छोटी पट्टी सोबत येते. आमच्या पेटीची खिडकी पूर्ण मापाची, म्हणून मोठी पट्टी आहे ना, हे आधी फोटो मागवून पाहिलं. पट्टी नसेल तर कार्ड नुसतं खाचेच्या भरवशावर लोंबतं आणि मॉनिटरची केबल ओढली की हलतं.

पातळ कार्डाची एक उणी बाजू आपल्याकडच्या लोकांनी लक्षात घ्यायलाच हवी. जाड कूलरला पत्र्या जास्त, पंखा मोठा, म्हणून तो हळू फिरूनही उष्णता काढतो. पातळ कूलरला तेच काम छोट्या पंख्यानं जोरात फिरून करावं लागतं. मे महिन्यात विदर्भात पारा ४५ च्या वर जातो, खोलीतली हवाच इतकी तापलेली असते की तिच्या आणि कार्डाच्या तापमानात फरक कमी उरतो आणि कार्ड नीट थंड होत नाही. आम्ही उन्हाळ्यात रेंडरिंग, म्हणजे अंतिम चित्र तयार करून घ्यायचं काम, पहाटे लावतो. आणि दिवाळीनंतर कापूस घरात येऊन पडला की रुईचे बारीक तंतू हवेत तरंगत असतात. पातळ कूलरच्या दाट पत्र्यांत ते नमद्यासारखे बसतात. तळाच्या भोकांना आतून मच्छरदाणीचं कापड लावलंय, आणि कापूस विकून झाला की कार्ड बाहेर काढून मऊ ब्रशनं झाडतो. जागा असती तर मी जाड कार्डच घेतलं असतं, हे स्पष्ट सांगतो. पातळपणा हा गुण म्हणून घेऊ नये, पेटीची अट म्हणून घ्यावा.

पेटीची बाकी कामं थोडक्यात. जुन्या पेटीला मागे पोर्टसाठी आजच्या मापाचा चौकोन नसतो. तो १५८.७५ बाय ४४.४५ मिलिमीटरचा लागतो. आमच्या ग्रिलवाल्यानं ग्राइंडरनं कापून दिला, कडा मी कानशीनं घासल्या. पॉवर सप्लाय एसएफएक्स या लहान मापाचा, ६३.५ मिलिमीटर उंचीचा, बसला. जुना सप्लाय चालू अवस्थेत होता, तरी वापरला नाही. त्याची ताकद मुख्यतः ५ व्होल्टवर असते आणि आजच्या यंत्राला ती १२ व्होल्टवर लागते.

एक गोष्ट मात्र कुणीही घाईत करू नये. त्या काळच्या कितीतरी पेट्यांचं समोरचं बटण म्हणजे घरातल्या दिव्यासारखा खटका असतो, आणि त्याच्या जाड वायरींतून थेट २३० व्होल्ट जात असत. नव्या मदरबोर्डला लागतं ते दाबलं की परत येणारं, पाचेक व्होल्टचं नाजूक बटण. जुन्या वायरी पूर्ण काढून टाका. मी बाबांच्या बटणाची टोपी तशीच ठेवली आणि तिच्यामागे दाराच्या बेलचं छोटं बटण चिकटवलं. पिवळं पडलेलं प्लास्टिकही घासलं नाही.

कार्ड मागवण्याआधी पुतण्यानं आता स्वतःची पद्धत बसवली आहे. रद्दीच्या पुठ्ठ्यातून कार्डाच्या मापाचा तुकडा कापतो, जाडीसाठी थर चिकटवतो, आणि तो पेटीत घालून झाकण लावून पाहतो. पुठ्ठा आत गेला तरच ऑर्डर.

पहिलं ठेंगणं कार्ड परत पाठवायची मुदत निघून गेली होती. ते दोन महिने कपाटात होतं. मग शेजारच्या गावातला पुतण्याचा वर्गमित्र आपला स्लिम ऑफिस डेस्कटॉप घेऊन आला. आम्ही झाकण उघडलं: कार्ड उभं राहणार, लांब खाचेशेजारची खाच रिकामी, पॉवर सप्लाय पार दुसऱ्या टोकाला. मोठी पट्टी काढून खोक्यातली छोटी लावली. कार्ड टक्कन खाचेत बसलं आणि झाकण लागलं.