आरएफसीतला मजकूर किंवा कोड वापरायचाय? परवानगी कधी लागते, कोणाकडे मागायची

इंटरनेटच्या प्रोटोकॉलची, म्हणजे संगणकांनी एकमेकांशी बोलण्याच्या नियमांची, मानके आयईटीएफ ही संस्था 'आरएफसी' या नावाने प्रसिद्ध करते. त्यांचे हक्क २००५ साली स्थापन झालेला आयईटीएफ ट्रस्ट सांभाळतो. अर्ज लिहायला घेण्याआधी एवढे पाहा: तुम्हाला हवा आहे तो मजकूर आहे की कोड? बहुतेकांचे काम इथेच संपते, कारण दोन्हींसाठी सरसकट परवाना आधीच दिलेला आहे. तो व्यक्तीला, कंपनीला, कोणालाही लागू आहे आणि त्याला शुल्क नाही.

कोड असेल तर

एबीएनएफ व्याकरण, एएसएन.१ किंवा यांग मॉड्यूल, एक्सएमएल स्कीमा, म्हणजे संगणकाने थेट वाचायच्या औपचारिक भाषांत लिहिलेले भाग, हे सगळे कोडमध्ये मोडते. १० नोव्हेंबर २००८ नंतरच्या आरएफसींतला हा भाग सुधारित बीएसडी या मोजक्या अटींच्या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याखाली मिळतो. तो बदला, विका, स्वतःच्या उत्पादनात घाला, हरकत नाही. मात्र कॉपीराइटची सूचना, अटी आणि जबाबदारी नाकारणारा परिच्छेद सोबत ठेवावाच लागतो. कोड कोणत्या आरएफसीतून घेतला, हेही नोंदवावे लागते; फाइलच्या सुरुवातीला एक ओळ पुरते.

मजकूर असेल तर

पूर्ण आरएफसी जशीच्या तशी छापता येते. तिचा दुसऱ्या भाषेत अनुवाद करायलाही मुभा आहे, म्हणजे मराठी अनुवादासाठी कोणाला विचारावे लागत नाही. मला ही तरतूद फार मोलाची वाटते. उतारे घेतले तर आयईटीएफचे नाव आणि आरएफसीचा क्रमांक द्यावा. मूळ मजकुराचा मोठा भाग घेतला, किंवा एकपंचमांशापेक्षा जास्त घेतला, तर लेखकांची नावे आणि कायदेशीर सूचनाही जोडाव्या लागतात.

मजकूर बदलायला मात्र परवानगी नाही, आणि चूक होते ती इथेच. आरएफसीतले परिच्छेद उचलून, थोडे फिरवून कोडच्या कॉमेंटमध्ये टाकले जातात. कॉमेंटमध्ये गेला म्हणून तो मजकूर कोड ठरत नाही. डेबियन या मुक्त लिनक्स प्रणालीने आरएफसींना 'नॉन-फ्री' (मुक्त नसलेल्या) विभागात ठेवले, ते याच बंधनामुळे. शक्य असेल तर वर्णन स्वतःच्या शब्दांत लिहा. कॉपीराइट शब्दरचनेवर असतो, कल्पनेवर नाही.

अर्ज कोणाकडे?

बदललेला मजकूरच हवा असेल, तर १० नोव्हेंबर २००८ ही तारीख बघा. त्यानंतरच्या मजकुराचे व्यापक हक्क लेखकांनी ट्रस्टला दिलेले असतात, म्हणून विनंती ट्रस्टच्या विश्वस्तांकडे करावी. त्याआधीच्या मजकुरावर ट्रस्टकडे तेवढे हक्क असतीलच असे नाही. मग मूळ लेखकांना, आणि हक्क त्यांच्या तेव्हाच्या कंपनीकडे असतील तर तिला, गाठावे लागते. नव्या आरएफसीतही जुना मजकूर असू शकतो. तशी सूचना पहिल्या पानांवर असते.

पत्रात आरएफसीचा क्रमांक, विभाग, नेमका उतारा, तुम्ही केलेला बदल शब्दशः, तो कुठे प्रसिद्ध होणार आणि तुमच्या कामाचा परवाना कोणता, हे सगळे द्या. मोघम विनंतीवर होकार देणे कोणालाही अवघडच असते.

आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या मानकांना हे नियम लागू नाहीत. तिथे प्रत विकत घेतली म्हणून मजकूर पुन्हा छापण्याचा हक्क मिळत नाही. परवानगी आयएसओकडे किंवा आपल्या देशातल्या तिच्या सदस्य संस्थेकडे मागावी लागते.

कॉपीराइटच्या परवानगीत पेटंटचा हक्क येत नाही, तो वेगळा तपासावा. आणि लेखी होकार आला की तो प्रकल्पात त्या फाइलशेजारीच ठेवा. पुढे कोड सांभाळणाऱ्याला तो लागणार आहे.