बर्फाचा एक खडा आणि मेंदूतली तहान

मागच्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड येऊन पडला. पाण्याच्या ग्लासावर 'धन्यवाद' लिहिलेली चिठ्ठी चिकटवायची, रात्रभर ठेवायचं आणि सकाळी अनशापोटी प्यायचं. पाण्याच्या रेणूंना म्हणे आपली कृतज्ञता कळते आणि मग किडनीपासून गुडघ्यापर्यंत सगळं सुधारतं. खाली बर्फाच्या स्फटिकांचे देखणे फोटो. माझी मावशी त्याच ग्रुपवर आहे आणि गेली सहा वर्षं डायलिसिसवर आहे. तिनं लिहिलं, "चिठ्ठी चिकटवते रे, पण ग्लास कुणाचा घेऊ? माझ्या वाट्याला वाटीच येते."

ते फोटो मूळचे जपानच्या मासारू इमोतो यांच्या दाव्यातले. गोड बोललेल्या पाण्याचे स्फटिक सुंदर होतात, शिव्या दिलेल्याचे वेडेवाकडे. एका थेंबातून किती तरी स्फटिक बनतात, त्यातला फोटोसाठी कोणता उचलायचा हे माणूस ठरवणार. मग हवा तो निष्कर्ष निघतोच. गंमत म्हणजे हिमस्फटिकाचा आकार कशानं ठरतो हे जपानच्याच उकिचिरो नाकाया यांनी 1930 च्या दशकात प्रयोगशाळेत कृत्रिम हिमस्फटिक वाढवून दाखवलं होतं: तापमान आणि हवेतली वाफ. शब्दांचा त्यात काही वाटा नाही. द्रव पाण्यात रेणूंमधले बंध सेकंदाच्या अब्जांश भागापेक्षाही कमी वेळात तुटतात आणि नव्यानं जुळतात. एवढ्या विसरभोळ्या पदार्थानं तुमचे आभार लक्षात ठेवायचे तरी कुठे?

पण पाणी आणि आनंद यांचं एक खरं नातं आहे. ते ग्लासात नाही, मावशीच्या तोंडात आहे.

डॉक्टरांनी तिला दिवसाला 750 मिली द्रव सांगितलाय. त्यात चहा आला, आमटी आली, गोळ्या गिळायचं पाणीसुद्धा आलं. तिची लघवी जवळजवळ थांबली आहे, त्यामुळे प्यायलेलं सगळं पुढच्या डायलिसिसपर्यंत अंगात साठतं. एक लिटर म्हणजे वजनात एक किलो. सोमवार, बुधवार, शुक्रवार चार-चार तास मशीनवर पडायचं. तिच्या भाषेत 'आज अडीच काढलं' म्हणजे अडीच लिटर पाणी निघालं. शनिवार-रविवार मध्ये मोकळे जातात, म्हणून रविवारची रात्र सगळ्यात जड. पाय सुजलेले, आडवं झालं की दम लागतो.

यावर तिनं काढलेली युक्ती म्हणजे बर्फाचा ट्रे. औषधाच्या मापानं प्रत्येक खणात मोजून 15 मिली पाणी भरते. एक खडा तोंडात टाकला की भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक रेघ, दूधवाल्याच्या हिशोबासारखी. "तुम्ही लोक पाणी पिता," ती म्हणते, "मी पाणी चघळते." त्या वेळी तिचा चेहरा बघावा. पंचपक्वान्नं जेवून उठलेल्या माणसाच्या तोंडावर इतकं समाधान मी पाहिलेलं नाही.

बरीच वर्षं मला वाटायचं की हा तिचा स्वभाव. स्वभावाचा वाटा आहेच, पण त्याखाली मेंदूचं एक विलक्षण यंत्र आहे.

साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. उन्हातून आल्यावर तुम्ही तांब्याभर पाणी पिता आणि मिनिटाभरात तहान भागते. पण ते पाणी आतड्यातून शोषलं जाऊन रक्तात नीट मिसळायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. म्हणजे 'बास' वाटतं तेव्हा रक्त अजून तेवढंच खारट असतं. मग तहान भागली कशी?

तहानेचं मुख्य ठाणं मेंदूच्या मधोमध, द्रवानं भरलेल्या एका पोकळीच्या भिंतीत आहे. नाव सबफॉर्निकल ऑर्गन. मेंदूत बहुतेक ठिकाणी रक्तातल्या पदार्थांना थेट प्रवेश नसतो, मध्ये कडक पहारा असतो; इथे तो पहारा मुद्दाम ढिला ठेवलेला आहे, म्हणून इथल्या पेशी रक्ताची चव घेऊ शकतात. रक्तातल्या क्षारांची दाटी एक-दोन टक्क्यांनी वाढली तरी पुरतं. पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं, पेशी आक्रसते आणि तिचे विजेचे ठोके वाढतात. त्याबरोबर व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि किडनीला हुकूम जातो, पाणी राखून ठेवा. मावशीच्या बाबतीत हा हुकूम म्हणजे बंद पडलेल्या कचेरीला पाठवलेलं टपाल. उरते ती नुसती तहान.

2016 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी उंदरांच्या मेंदूतल्या या पेशींची हालचाल प्रत्यक्ष पाहिली. तहानलेल्या उंदरानं पाणी चाटायला सुरुवात केली आणि मिनिटभरात या पेशी शांत होत गेल्या, रक्तात फरक पडण्याच्या कितीतरी आधी. पेशी फक्त रक्ताची आजची स्थिती मोजत नव्हत्या, थोड्या वेळानं ती काय होईल याचा अंदाज बांधत होत्या. तोंड आणि घशाकडून निरोप आला, 'माल निघालाय', आणि मेंदूनं माल पोचायच्या आधीच पावती फाडली.

त्याहून कमाल पुढे आहे. पाणी न देता उंदराच्या तोंडाला नुसता थंड धातू लावला, तरी त्या पेशी शांत झाल्या. 1970 मध्येच असं दिसलं होतं की तहानलेले उंदीर थंड हवेचा झोत चाटत बसतात. पाण्याचा थेंब नाही, तरी चाटतात, कारण जिभेला गारवा म्हणजे पाणी आलं अशी मेंदूची समजूत आहे.

आता मावशीच्या खड्याचं गणित करू. (ज्यांना आकड्यांचा कंटाळा आहे त्यांनी पुढच्या परिच्छेदावर उडी मारावी.) एक ग्रॅम बर्फ वितळायला 334 ज्यूल उष्णता लागते. 15 ग्रॅमचे झाले साधारण 5,000. ते पाणी शून्यावरून 37 अंशांवर यायला आणखी 2,300. फ्रिजमधलं 8 अंशांचं तेवढंच पाणी तोंडातून फार तर 1,800 ज्यूल घेईल. म्हणजे खडा त्याच पाण्याच्या चौपट गारवा देतो, आणि तो एका घोटात संपत नाही, पाच-सात मिनिटं पुरवून पुरवून देतो. तहानेच्या ठाण्याला एवढा वेळ एकच निरोप जात राहतो.

हे झालं तहान शमण्याबद्दल. मग सुख कशाचं? 1971 मध्ये मिशेल काबानाक या शरीरशास्त्रज्ञानं मांडलं की सुख हे वस्तूत नसतं. शरीराला त्या घडीला जे हवं असतं ते मिळालं की तीच वस्तू सुखद होते. साखरेचं पाणी उपाशी पोटी गोड लागतं, भरपूर ग्लुकोज प्यायल्यावर नकोसं होतं. मग 2019 मध्ये उंदरांवर दिसलं की तहानलेला उंदीर तोंडानं पितो तेव्हा मेंदूत डोपामाइन, म्हणजे सुखाशी जोडलेलं रसायन, सुटतं, तेच पाणी नळीनं थेट पोटात सोडलं तर तसं होत नाही. सलाईनच्या बाटलीनं कुणाला आनंद झाल्याचं ऐकलंय?

इथे कुणी म्हणेल, बिचारी कशात तरी सुख मानून घेते. 2005 मध्ये अमेरिकेत डायलिसिसवरचे 49 रुग्ण आणि 49 निरोगी माणसं यांच्या हातात आठवडाभर छोटी यंत्रं दिली होती. दिवसभरात मधूनमधून यंत्र वाजायचं आणि त्या क्षणी मन कसं आहे ते नोंदवायचं. रुग्ण कमी आनंदी असल्याचा पुरावा सापडला नाही. निरोगी माणसांना मात्र वाटत होतं की आपल्यावर ही वेळ आली तर आपण बराच वेळ दुःखी राहू. आणखी एक टोचणारी गोष्ट: आपला स्वतःचा मूड कसा होता हे निरोगी लोकांना नीट आठवलं नाही, त्यांनी तो होता त्याहून वाईट सांगितला. रुग्णांचा हिशोब बरोबर निघाला. कॅलेंडरवर रेघा मारणाऱ्या बाईबद्दल मला याचं मुळीच आश्चर्य वाटत नाही.

याचा अर्थ कृतज्ञतेनं आजार हटतो असा नाही. 2003 मध्ये स्नायूंचे आजार असलेल्या लोकांना 21 दिवस रोज आपल्याकडे जे चांगलं आहे ते लिहायला सांगितलं होतं. त्यांचं मन अधिक प्रसन्न राहिलं आणि झोप सुधारली. आजार मात्र होता तिथेच राहिला. आणि डायलिसिसच्या रुग्णांमध्ये नैराश्य खूप आढळतं. त्यांना 'आभार मानायला शीक' असं सांगणं म्हणजे क्रूरपणा आहे, तिथे उपचार लागतात. मावशीच्याही वाईट रात्री असतात. त्या रात्री ती फोन उचलत नाही.

व्यवहारातली एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. पाणी कमी करायचं तर आधी मीठ कमी करा. रक्ताइतका खारटपणा म्हणजे लिटरला 9 ग्रॅम मीठ, सलाईनच्या बाटलीत असतं तेवढं. लोणचं-पापडातून 9 ग्रॅम जादा गेलं की शरीर एक लिटर पाणी मागणारच, तिथे मनाचा निग्रह कामाचा नाही. आणि शहाळं पौष्टिक म्हणून डायलिसिसच्या रुग्णाला प्रेमानं पाजू नका; त्यातल्या पोटॅशियमनं हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

गेल्या रविवारी रात्री मी तिच्याकडे होतो. कॅलेंडरप्रमाणे 30 मिली शिल्लक होते. तिनं ट्रे काढला, एक खडा तोंडात टाकला, दुसरा बशीत ठेवला आणि खुर्चीत डोळे मिटून बसली. मी उत्साहानं ते चौपटीचं गणित सांगायला लागलो. 334 ज्यूलपर्यंत आलो असेन, तिनं डोळे न उघडताच हात वर करून मला गप्प केलं. खडा अजून संपला नव्हता.