गाठीला किती ग्रे, यकृताला किती?

आपल्याकडे कॅन्सरच्या वॉर्डात रेडिएशनला 'शेक' म्हणतात. पंचवीस शेक झाले, आठ राहिले, असा हिशेब नातेवाईक बोटांवर करत असतात. शब्द छान मराठी आहे, पण त्यातून वाटतं की गाठ उष्णतेनं जळते. प्रत्यक्षात उष्णता जवळपास नसतेच. किरणांची मात्रा 'ग्रे' या एककात मोजतात. एक किलो ऊतीमध्ये एक जूल ऊर्जा उतरली की झाला एक ग्रे. यकृताच्या कॅन्सरची गाठ आतूनच किरण देऊन मारायची तर शंभर किंवा त्याहून जास्त ग्रे लागतात. हे शंभर ग्रे तितक्याच पाण्यात ओतले तर पाणी किती तापेल? साधारण ०.०२४ अंश सेल्सिअस. घरातल्या तापमापीला त्याचा पत्ताही लागणार नाही.

आणि तरीही याच्या पंचविसाव्या हिश्शाएवढी मात्रा, म्हणजे सुमारे ४ ग्रे, सगळ्या शरीराला एकदम मिळाली आणि उपचार झाले नाहीत, तर साधारण निम्मी माणसं दगावतात. कारण ही ऊर्जा पसरत नाही, नेमक्या जागी घाव घालते. पेशीतल्या डीएनएचे दोन्ही धागे जवळजवळच्या ठिकाणी तुटले की ती जखम सांधणं पेशीला फार अवघड जातं. पुढच्या विभाजनाच्या वेळी ती कोलमडते. म्हणूनच मात्रेबद्दल बोलताना 'किती' याच्याइतकंच 'कुठे' महत्त्वाचं ठरतं. यकृताच्या कॅन्सरमध्ये हा 'कुठे'चा प्रश्न समजायला डॉक्टरांना बरीच वर्षं लागली.

यकृताची अडचण अशी की ते स्वतःच किरणांना हळवं असतं. बाहेरून, सगळ्या यकृतावर, रोज थोडी थोडी करून ३० ग्रेच्या पुढे मात्रा गेली की निरोगी पेशी निकामी होण्याचा धोका वाढत जातो. त्यात या रोगाच्या बहुतेक रुग्णांचं यकृत आधीच कावीळ बी किंवा सी, दारू, नाहीतर चरबी यांनी सुकत आलेलं, म्हणजे सिरॉसिस झालेलं असतं. हल्ली बाहेरूनही बारीक नेम धरून किरण देता येतात, पण मोठ्या गाठीला त्यालाही मर्यादा पडतात.

इथे शरीररचनेनं एक वाट ठेवली आहे. यकृताला रक्त दोन बाजूंनी येतं. सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून पोर्टल व्हेन नावाच्या शिरेतून येतं आणि निरोगी यकृत मुख्यतः त्यावर जगतं. उरलेलं यकृताच्या धमनीतून येतं. कॅन्सरची गाठ मात्र आपलं जवळजवळ सगळं रक्त या धमनीतूनच ओढते. मग धमनीतच किरणोत्सर्गी कण सोडले तर? ते प्रवाहाबरोबर वाहत जाऊन गाठीच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतील आणि तिथेच बसून किरण सोडतील. शेतात मोकाट पाणी देण्याऐवजी ठिबकची नळी नेमक्या झाडाच्या बुडाशी न्यावी, तसं काहीसं.

हे कण म्हणजे काचेचे किंवा राळेसारख्या पदार्थाचे सूक्ष्म गोळे. काचेचे गोळे २० ते ३० मायक्रॉनचे असतात, केसाच्या जाडीहून बारीक. त्यांच्यात इट्रियम-९० हे मूलद्रव्य असतं. ते बीटा किरण, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन सोडतं आणि हळूहळू झिरकोनियममध्ये बदलतं. हे इलेक्ट्रॉन ऊतीत सरासरी अडीच मिलिमीटर जातात, फार तर ११ मिलिमीटर. अर्धायुष्य, म्हणजे निम्मं विरायला लागणारा वेळ, ६४ तास. अकरा दिवसांत जवळजवळ ९४ टक्के काम संपतं. रुग्णाच्या मांडीतून किंवा मनगटातून बारीक नळी आत सारतात, एक्स-रेच्या पडद्यावर बघत ती यकृताच्या नेमक्या फांदीपर्यंत नेतात आणि गोळे सोडतात. बहुतेकांना भूल द्यावी लागत नाही, जागा बधिर केली की पुरतं.

आता मात्रेचा हिशेब. तो वाटतो तितका कठीण नाही, आणि या विषयाची सगळी गंमत त्यातच आहे. किरणोत्सर्ग गिगाबेकरेलमध्ये मोजतात; एक गिगाबेकरेल म्हणजे सेकंदाला शंभर कोटी अणूंचं विघटन. एक गिगाबेकरेल इट्रियम-९० एक किलो ऊतीत पूर्णपणे विरलं, तर त्या ऊतीला सुमारे ५० ग्रे मिळतात. समजा यकृताचं वजन गाठीसकट दीड किलो आहे, गाठ ३०० ग्रॅमची आहे आणि डॉक्टरांनी २ गिगाबेकरेल दिले. दोनाला ५० नं गुणा, दीडनं भागा. सरासरी ६७ ग्रे. कागदावर हा आकडा नीट दिसतो.

पण दोन रुग्ण घेऊ. वजनं तीच, औषध तेवढंच. पहिल्याची गाठ रक्ताची हावरी आहे. तिच्या प्रत्येक ग्रॅममध्ये निरोगी यकृताच्या चौपट गोळे अडकले. दुसऱ्याच्या गाठीत फक्त दुप्पट. हिशेब मांडला तर पहिल्याच्या गाठीला मिळतात १६७ ग्रे आणि निरोगी यकृताला ४२. दुसऱ्याच्या गाठीला १११ आणि निरोगी यकृताला ५६. म्हणजे दुसऱ्याला लाभ कमी आणि इजा जास्त. सरासरी मात्र दोघांचीही ६७!

सातारा जिल्ह्याच्या सरासरी पावसासारखं आहे हे. महाबळेश्वरात पाच-सहा हजार मिलिमीटर कोसळतो आणि माण तालुक्यात जेमतेम पाचशे. दोघांची सरासरी काढून माणच्या शेतकऱ्याला सांगितली, तर त्या आकड्यावर त्यानं काय पेरावं?

पुष्कळ वर्षं यकृतातली मात्रा अशीच ठरत होती. राळेच्या गोळ्यांसाठी तर शरीराचं क्षेत्रफळ आणि यकृताचा किती भाग गाठीनं व्यापला आहे, एवढ्यावरून औषधाचं प्रमाण काढायचं सूत्र रूढ होतं. गाठ प्रत्यक्षात किती शोषून घेते, याला त्यात जागाच नव्हती.

याच काळात दोन मोठ्या चाचण्या झाल्या. फ्रान्समधली 'सारा' २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, आशिया-पॅसिफिकमधली 'सर्व्हनिब' २०१८ मध्ये. दोन्हींत राळेच्या गोळ्यांची तुलना सोराफेनिब या गोळीच्या औषधाशी केली होती. आयुष्य वाढण्याच्या बाबतीत किरणांचा उपचार पुढे गेला नाही. 'सारा'मध्ये मध्यक आयुष्य, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ, किरणांच्या गटात ८ महिने आणि सोराफेनिबच्या गटात ९.९ महिने निघालं. दुष्परिणाम कमी झाले खरे, पण अनेकांनी या पद्धतीवर फुली मारली.

मग 'सारा'मधल्या १२१ रुग्णांच्या प्रतिमा पुन्हा उघडून गाठीला मिळालेली मात्रा काढली गेली. ज्यांच्या गाठीला १०० ग्रे किंवा जास्त मिळाले होते त्यांचं मध्यक आयुष्य १४.१ महिने होतं, ज्यांना कमी मिळाले त्यांचं ६.१ महिने. एकाच उपचाराच्या नावाखाली काही रुग्णांना उपचार मिळालाच नव्हता, असा याचा सरळ अर्थ लावावासा वाटतो. पण जरा थांबायला हवं. ज्या गाठी रक्त जास्त ओढतात आणि म्हणून जास्त मात्रा घेतात, त्या मुळातच सौम्य असू शकतात. मागे वळून केलेल्या हिशेबातून हा संशय फिटत नाही. त्यासाठी चिठ्ठ्या टाकूनच रुग्ण विभागावे लागतात.

तेही झालं. 'डोसिस्फिअर' ही चाचणी फ्रान्समधल्या चार केंद्रांत झाली. तिचे प्रमुख रेन शहरातले डॉक्टर एतिएन गारँ. गाठी ७ सेंटिमीटर किंवा त्याहून मोठ्या, गोळे काचेचे, रुग्ण अवघे ६०. एका गटाला रूढ पद्धतीनं, म्हणजे गोळे जातील त्या भागाला सरासरी १२० ग्रेच्या आसपास. दुसऱ्या गटात गाठीलाच किमान २०५ ग्रे मिळतील असा हिशेब प्रत्येक रुग्णासाठी वेगळा मांडला. २०२१ मध्ये निष्कर्ष आले. तीन महिन्यांनी गाठीनं प्रतिसाद दिला तो पहिल्या गटात ३६ टक्के रुग्णांत, दुसऱ्यात ७१ टक्के. मध्यक आयुष्य १०.७ महिन्यांवरून २६.६ महिन्यांवर गेलं. चाचणी लहान आहे, हे विसरून चालणार नाही. पण औषध तेच, रोग तोच, बदलला फक्त हिशेब. त्यामुळे हा निकाल मला फार मोलाचा वाटतो.

गोळे सोडण्याआधी गाठ किती शोषेल हे कळतं कसं? त्यासाठी एक रंगीत तालीम करतात. अल्ब्युमिन या प्रथिनाचे तशाच आकाराचे कण घेऊन त्यांना टेक्नेशियम-९९एम हे गॅमा किरण सोडणारं द्रव्य जोडतात आणि त्याच नळीतून सोडतात. गॅमा कॅमेऱ्यावर ते कुठे बसले ते दिसतं. काही कण गाठीतल्या वाकड्यातिकड्या रक्तवाहिन्यांतून निसटून फुप्फुसात पोचतात, तेही मोजतात. फुप्फुसाला एका वेळी ३० ग्रेहून जास्त मिळणार असतील तर बेत बदलावा लागतो. तालीम आणि प्रयोग यांत फरक पडतोच. नळीचं टोक काही मिलिमीटर इकडे-तिकडे सरकलं तरी प्रवाह वेगळ्या फांदीत वळू शकतो.

अजून एक गुंता आहे. काचेच्या एका गोळ्यात राळेच्या गोळ्याच्या सुमारे ५० पट किरणोत्सर्ग असतो. ३ गिगाबेकरेलसाठी काचेचे बारा लाख गोळे लागतात, राळेचे काही कोटी. थोडे आणि तेजस्वी गोळे विरळ पसरतात, त्यांच्यामधल्या फटींत निरोगी पेशी तग धरतात. म्हणून काचेचे १०० ग्रे आणि राळेचे १०० ग्रे हे शरीराच्या लेखी एकच नाहीत, आणि एकाचा उंबरठा दुसऱ्याला लावता येत नाही.

काचेचे असे गोळे आता मुंबईतही बनले आहेत. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात इट्रियम असलेली काच अणुभट्टीतल्या न्यूट्रॉनच्या माऱ्यात ठेवून ते तयार केले. त्यांचं नाव 'भाभास्फिअर'. परदेशी गोळ्यांची किंमत आणि ६४ तासांचं अर्धायुष्य पाहिलं तर हे काम किती गरजेचं होतं ते कळतं. विमानाला उशीर झाला तर माल वाटेतच विरत जातो.

उपचारानंतर घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, 'गाठ लहान झाली का?' महिन्याभरात बहुधा तसं दिसत नाही. कधी कधी सुजेमुळे ती थोडी मोठीही वाटते. मेलेली गाठ शरीर लगेच उचलून नेत नाही. म्हणून डॉक्टर नुसता आकार बघत नाहीत, सीटी किंवा एमआरआयमध्ये धमनीचं रक्त गाठीत अजून चमकतं का ते बघतात. खरं चित्र तीन ते सहा महिन्यांत स्पष्ट होतं.

त्याआधी, एक-दोन दिवसांतच, एक तपासणी करता येते. इट्रियम-९० च्या दर दहा लाख विघटनांत अवघ्या ३२ वेळा इलेक्ट्रॉनबरोबर पॉझिट्रॉनही, म्हणजे इलेक्ट्रॉनचा धन भाराचा जुळा कण, जन्मतो. इतका क्षीण माग पेट स्कॅनर टिपतो आणि त्यावरून गाठीच्या प्रत्येक कोपऱ्याला किती ग्रे मिळणार याचा नकाशा काढता येतो. त्या नकाशात गाठीचा एखादा काठ फिका दिसला तर त्या बाजूला दुसऱ्या धमनीची फांदी जात असावी, असा संशय घेतात. मग पुन्हा नळी घालून तेवढ्या फांदीत गोळे सोडायचे का, याचा विचार सुरू होतो, गाठ पुन्हा वाढायची वाट न बघता.