प्रेक्षकाचे तादात्म्य (चित्रपट व दूरचित्रवाणी जाहिरात)

पडद्यावरील व्यक्तीचे सुखदुःख प्रेक्षकाला काही काळ आपलेच वाटू लागणे, या अनुभवाला तादात्म्य म्हणतात. भारतीय काव्यशास्त्रात भट्टनायकाने मांडलेली साधारणीकरणाची कल्पना त्याच्या जवळची आहे : नाट्यातील शोक अमुक एका व्यक्तीचा न राहता साऱ्या रसिकांना आस्वाद्य होतो. चित्रपट ही भावना सवडीने घडवत नेतो. अर्ध्या मिनिटात संपणाऱ्या जाहिरातीला ती बहुधा प्रेक्षकाच्याच आयुष्यातून उसनी घ्यावी लागते.

पडद्यावर दिसणारी भावना बरीचशी पाहणाऱ्याच्या मनात तयार होते, हे सोव्हिएत दिग्दर्शक ल्येव कुलेशॉव्ह यांच्या प्रयोगाने प्रसिद्ध झाले. एका नटाच्या निर्विकार चेहऱ्याचे तेच चित्रण सूपच्या बशीला जोडले असता त्यात भूक दिसली आणि शवपेटीला जोडले असता शोक. प्रयोगाच्या वर्णनांत फरक आढळत असले, तरी संकलनाचे हे तत्त्व आजही पायाभूत मानले जाते.

ध्वनीचे सामर्थ्य कधीकधी त्याच्या अभावातून अधिक जाणवते. ‘प्रभात’च्या ‘कुंकू’ (१९३७) या चित्रपटात व्ही. शांताराम यांनी पार्श्वसंगीत टाळून प्रसंगातलेच आवाज वापरले. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’मध्ये (२०१६) अजय-अतुल यांचा भरगच्च वाद्यमेळ पूर्वार्धातील प्रेमाला उधाण आणतो, शेवटच्या दृश्यात मात्र संपूर्ण निःशब्दता आहे. ही शांतता असह्य होते, कारण तोवर दोन तासांहून अधिक काळ प्रेक्षक त्या दोघांच्या सोबतीने वावरलेला असतो.

जाहिरातीला एवढी सवड नसते. दूरदर्शनवर १९७६ पासून जाहिराती दाखवल्या जाऊ लागल्या. पुढे स्वस्त ‘निरमा’शी गाठ पडल्यावर ‘सर्फ’साठी अलेक पदमसी यांच्या लिंटास संस्थेने उभी केलेली ललिताजी ही भाजीवाल्याशी घासाघीस करणारी, पैशापैशाचा हिशेब ठेवणारी गृहिणी होती. तिने करुणा जागवली नाही. काटकसरीला प्रतिष्ठा दिली, आणि महागड्या पावडरीची खरेदी शहाणपणाची ठरवली. याच संस्थेच्या ‘हमारा बजाज’मध्ये (१९८९) स्कूटरच्या यंत्राविषयी अवाक्षरही नव्हते. पुढे उभे राहिलेले मूल, मागे बसलेली आई, हे चित्र मध्यमवर्गीय घरांत आधीपासूनच रुजलेले होते. स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून थांबलेल्यांना तर आपुलकी वाटण्यासाठी वेगळे काही सांगावे लागत नव्हते.

१९९४ च्या सुमारास ‘कॅडबरी’ने मुलांचा खाऊ समजले जाणारे चॉकलेट मोठ्यांपर्यंत नेण्यासाठी क्रिकेटच्या मैदानात धावत जाऊन बेभान नाचणारी तरुणी दाखवली. २०२१ मध्ये फलंदाज मुलगी आणि नाचणारा तरुण अशी अदलाबदल करून ती जाहिरात पुन्हा सादर झाली, तेव्हा आवाहन जुन्या जाहिरातीच्या आठवणीलाच होते.

उसनी घेतलेली भावना नेहमी सुखदच असते असे नाही. त्वचा उजळ करणाऱ्या क्रीमच्या जाहिराती दीर्घकाळ लग्न आणि नोकरी यांविषयीच्या न्यूनगंडावर बेतलेल्या होत्या. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०१४ मध्ये यासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांनुसार सावळ्या वर्णाची व्यक्ती अनाकर्षक, दुःखी किंवा अयशस्वी दाखवणे निषिद्ध ठरले.