मांजर घेऊन निघताय? कॅरियर आठवडाभर आधी माळ्यावरून काढा

मे महिना आणि गणपतीत आमच्या पेट टॅक्सीला सगळ्यात जास्त बुकिंग असतात आणि दरवेळी तेच होतं, गाडी सकाळी 6 ला बिल्डिंगखाली उभी आणि मांजर दिवाणाखाली. कारण कॅरियर, म्हणजे मांजर न्यायचा दाराचा बॉक्स, त्याच सकाळी माळ्यावरून काढलेला असतो. मांजराला तो फक्त इंजेक्शनच्या वेळी दिसतो, मग त्याचा खडखडाट ऐकला की ते लपणारच ना. मग झाडूने ढोसा, ओढा, हात ओरबाडून घ्या, आणि बिचारं पनवेलपर्यंत ओरडत राहतं.

म्हणून कॅरियर 8-10 दिवस आधीच हॉलमध्ये ठेवा, दार काढून, आत तुमची वापरलेली ओढणी घाला आणि जेवण आतच द्या. ते आपणहून आत झोपायला लागलं की दार लावून बघा, आधी 1 मिनिट मग 5. निघायच्या दिवशी बॅगा भरायच्या आधी त्याला एका खोलीत बंद करा, जिथे पलंग नाही अशा.

"ती शांत आहे हो, मांडीवर बसते" असं बऱ्याच ताई सांगतात, पण कॅरियरशिवाय आम्ही गाडी काढत नाही, राग मानू नका. ट्रकचा हॉर्न वाजला की शांत मांजरसुद्धा ड्रायव्हरच्या पायात ब्रेकखाली शिरतं. फूड मॉलला थांबलो तरी कॅरियरचं दार उघडायचं नाही, हायवेवर सुटलेलं मांजर शोधणार कुठे? आम्ही कॅरियर पुढच्या सीटच्या मागे खाली घट्ट बसवतो, वर पातळ कपडा आणि एसी चालू.

खाणं निघायच्या 3-4 तास आधी द्या नाहीतर घाटात उलटी होते, पाणी मात्र तोडू नका. झोपेची गोळी डॉक्टरांना विचारूनच, आणि क्रोसिन कधीच नाही, पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. तोंड उघडून धापा टाकायला लागलं तर लगेच सांगा, आम्ही थेट जवळच्या डॉक्टरकडे गाडी वळवतो.

वेटिंग 15 मिनिटं फ्री, पुढे चार्ज लागतो कारण त्यानंतरचं मांजरही कुणीतरी तयार ठेवून वाट बघत असतं. कॅरियर नसेल तर आमच्याकडे वरून उघडणारा भाड्याने मिळतो, बुकिंग केलं की 8 दिवस आधी घरपोच देतो आणि त्या 8 दिवसांचं भाडं घेत नाही. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलला, म्हणजे प्राण्यांच्या दवाखान्यात, जायचं असेल तरी हेच सगळे नियम.