इंग्लंडमधल्या जुन्या गावचर्चची दुरुस्ती: परवानगी कोण देतं, कागदपत्रं कोणती लागतात

एसेक्समधल्या ग्रीनस्टेडच्या सेंट अँड्र्यू चर्चच्या भिंती दगडाच्या नाहीत. ओकचे उभे चिरलेले ओंडके एकमेकांना खेटून उभे आहेत, तीच भिंत. वृक्षवलयांवरून हे लाकूड अकराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं ठरतं. पुढे बुंधे कुजले, तेव्हा 1848च्या सुमारास ते खालून कापून ओंडके विटांच्या जोत्यावर बसवले गेले. तसं काम आज काढायचं, तर सुतार बोलावण्याआधी चर्चच्या न्यायालयाची परवानगी लागेल. तिला 'फॅकल्टी' म्हणतात.

इतर वारसा इमारतींना बदलासाठी स्थानिक प्रशासनाची वारसा-संमती लागते. चर्च ऑफ इंग्लंड, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत ख्रिस्ती पंथाच्या वापरातल्या चर्चना त्यातून सूट आहे. मात्र चर्चचा स्वतःचा कायदा तितकाच कडक आहे. शिवाय बाहेरचं रूप बदलणार असेल, तर नियोजन परवानगी वेगळी घ्यावीच लागते.

प्रत्येक कामाला फॅकल्टी लागत नाही. पन्हळी साफ करण्यासारखी नेहमीची निगा चर्चच्या नियमांतल्या 'अ' यादीत येते, तिला परवानगी नको. 'ब' यादीतल्या कामांना आर्चडीकनची, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या वरिष्ठ पाद्रीची, लेखी संमती पुरते. बाकी सगळं न्यायालयाकडे जातं. छतावरचं शिसं चोरीला गेलं आणि त्या जागी स्टेनलेस स्टीलचे पत्रे घालायचे, तरी फॅकल्टी हवीच. 2022पासून जुना गॅस बॉयलर काढून तसाच नवा बसवायलाही ती लागते.

अर्ज सहसा पाद्री आणि चर्चवॉर्डन (चर्चचे निवडलेले कारभारी) मिळून, पॅरिश म्हणजे त्या चर्चच्या हद्दीतल्या समितीच्या ठरावानंतर ऑनलाइन करतात. सोबत नकाशे, कामाचा तपशील, फोटो आणि दोन निवेदनं जोडायची. एक इमारतीच्या महत्त्वाचं, दुसरं गरजेचं. अर्जाचं खरं वजन या दोन निवेदनांत असतं, आणि घाई होते ती नेमकी तिथेच. 'चर्च फार जुनं व सुंदर आहे' एवढ्याने भागत नाही. कोणता भाग कोणत्या काळातला, त्यातलं काय हलणार, कमी धक्का लावणारा पर्याय का चालत नाही, हे लिहावं लागतं. दर पाच वर्षांनी होणाऱ्या तपासणीचा वास्तुविशारदाचा अहवाल इथे कामी येतो.

मसुदा आधी डायोसीसच्या, म्हणजे बिशपच्या प्रांताच्या, सल्लागार समितीकडे पाठवा. ती शिफारस करते, हरकत नाही म्हणते किंवा शिफारस नाकारते. मोठ्या बदलात हिस्टॉरिक इंग्लंड या सरकारी वारसा संस्थेसारख्या संस्थांचंही मत घेतलं जातं. मग 28 दिवस जाहीर नोटीस लावायची. त्या मुदतीत पॅरिशमधला कोणताही रहिवासी हरकत घेऊ शकतो, त्यासाठी चर्चचा सभासद असण्याची गरज नाही. म्हणजे गावात राहणाऱ्या मराठी कुटुंबालाही हा हक्क आहे.

निर्णय चॅन्सेलर, म्हणजे त्या न्यायालयाचे न्यायाधीश देतात, बहुतेकदा कागदपत्रांवरूनच. डफिल्ड गावच्या चर्चबद्दलच्या 2012च्या निकालापासून प्रश्न ठरलेले आहेत: इमारतीच्या महत्त्वाला हानी होईल का, किती, आणि त्या हानीला पटण्याजोगं कारण आहे का. वारसा यादीतल्या पहिल्या दर्जाच्या वास्तूत गंभीर हानीला मान्यता क्वचितच मिळते.

मंजुरीत अटी असतात आणि काम संपवायची मुदतही. ठेकेदाराशी करार त्यानंतरच करा. विनापरवाना काम झालं, तर ते मागाहून नियमित करून घेण्यासाठी अर्ज करता येतो, पण न्यायालय सगळं पूर्ववत करायलाही सांगू शकतं आणि खर्च काम करवून घेणाऱ्यावर पडू शकतो.