भाषाकुल वेगळे, भाषिक क्षेत्र वेगळे

अण्णा, अक्का असे चार शब्द पुढे करून मराठी कन्नडमधून जन्मली असे सांगणारे आणि तेलुगूतील संस्कृत शब्द मोजून तिला संस्कृतची कन्या ठरवणारे एकच चूक करतात. भाषाकुल आणि भाषिक क्षेत्र यांची ही गल्लत आता थांबायला हवी.

भाषाकुल म्हणजे एका पूर्वजभाषेपासून फुटलेल्या भाषांचा समूह, हे बहुतेकांना ठाऊक असते. मराठी आर्य कुळातली, कन्नड आणि तेलुगू द्राविड कुळातल्या. हे नाते नियमित ध्वनिबदलांवरून ठरते: संस्कृत पाद, पितृ, पशु यांतल्या 'प'च्या जागी इंग्रजी फुट, फादर, फी यांत 'फ' येतो, म्हणून या दोन भाषा एकाच पूर्वजभाषेच्या ठरतात. सुट्या साम्याने काहीच सिद्ध होत नाही. फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' यांचे मूळ एक नाही.

भाषिक क्षेत्र घडते ते शेजारामुळे. वेगवेगळ्या कुळांतल्या भाषा पिढ्यान्‌पिढ्या एकाच माणसांच्या तोंडी राहिल्या की त्या एकमेकींसारख्या होऊ लागतात. भाषाशास्त्रज्ञ मरी एमेनो यांनी 1956 मध्ये भारत हे असे क्षेत्र असल्याचे मांडले. खरा घोळ पुढे आहे. लोक उसने शब्द शोधत बसतात, पण शब्द घरचेच राहून त्यांची मांडणी शेजाऱ्यासारखी होऊ शकते. ऐकणाऱ्याला वगळणारे 'आम्ही' आणि सामावून घेणारे 'आपण' हा भेद हिंदीभाषकाला शिकवावा लागतो, तर तेलुगूभाषकाला तो 'मेमु' आणि 'मनमु' यांमुळे घरचाच असतो. तरीही आम्ही आणि आपण हे दोन्ही शब्द प्राकृतातून आलेले, निखळ आर्य आहेत. 'तो येणार म्हणून कळले' यातल्या 'म्हणून'चेही तसेच: धातू आपला, पण 'म्हणणे' या अर्थाच्या क्रियापदाच्या रूपाने वाक्य जोडण्याची रीत कन्नड 'एंदु' आणि तेलुगू 'अनि' यांच्यासारखी.

सांगली जिल्ह्यातील कुपवाडच्या बोलींचा जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी 1971 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास मला या विषयावरचा सर्वांत बोलका पुरावा वाटतो. तिथल्या मराठी, कन्नड आणि उर्दू बोलींची वाक्यरचना इतकी जुळली होती की बहुतेक वाक्ये शब्दास शब्द ठेवून एकीतून दुसरीत नेता येत, पण शब्दसंग्रह ज्याचा त्याचा राहिला होता. एवढी जवळीक होऊनही तिथली कन्नड द्राविडच राहिली आणि मराठी आर्यच.